वाल चढलेली जाळी

ती घटना आठवायला मला डोकं खाजवावं लागत नाही. बाजारात वालाच्या शेंगांचा ढीग दिसला की पुरे. बायको भाव करत उभी असते आणि मी दुसरीकडं तोंड करून कोथिंबीर निवडत बसतो. खाकीत असताना खून पाहिले, दरोडे पाहिले, रात्रीच्या रात्री नाकाबंदीत काढल्या. पण माणसं जबाबदारीपासून कशी अंग काढून घेतात, हे मला एका डाळमिलच्या आवारातल्या वेलानं जितकं शिकवलं तितकं कुठल्याच दरोडेखोरानं शिकवलं नाही.

तेव्हा मी उमरगा तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो, सहायक पोलीस निरीक्षक म्हणून. संक्रांत नुकतीच झाली होती. तुरीचा हंगाम भरात होता, मुरूमच्या बाजारात तुरीच्या गाड्यांची रांग लागायची आणि आमच्या हद्दीतली डाळमिल दिवसरात्र चालायची. एके दिवशी सकाळी मिलच्या मॅनेजरचा ठाण्यात फोन आला. एक कामगार मशीनच्या पट्ट्यात सापडून जागीच गेला होता.

मी हवालदाराला घेऊन पोहोचलो. मशीन बंद होतं. सकाळच्या थंडीत त्या माणसानं गळ्याला मफलर गुंडाळला होता. पट्ट्याखाली सांडलेली तूर ओढायला तो वाकला, मफलरचं टोक पट्ट्यानं धरलं आणि माणूस आत खेचला गेला. बाकीचं वर्णन मी करणार नाही. पंचनाम्यात ते केलं आहे, तेवढं पुरे.

पट्टा आणि चाक यांच्यावर एरवी लोखंडी जाळी बसवलेली असते, कुणाचा हात किंवा कपडा आत जाऊ नये म्हणून. ती जाळी मशीनशेजारी जमिनीवर पडलेली होती आणि तिच्यावर एक पान्हा ठेवलेला होता. मॅनेजरनं मला हाताला धरून तिथं नेलं.

"बघा साहेब. ह्यानंच जाळी काढली. साफसफाईला अडचण होते म्हणून काढत असणार. आम्ही शंभरदा सांगितलं होतं. त्यात सकाळी सकाळी घेतलेली होती."

"काय घेतलेली होती?"

"आता तुम्हाला काय सांगायचं साहेब. दारू."

नोकरीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. मेलेल्या माणसाच्या अंगावर सगळ्यात आधी दारू ओततात. तो उठून नाही म्हणत नाही ना. मी माझ्या कामाला लागलो. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंच बोलावून पंचनामा केला, जाळी आणि पान्हा जप्त करून ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत ठेवायला सांगितलं आणि प्रेत तपासणीसाठी पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मयताची बायको ठाण्यात आली. बरोबर मिलचा एक माणूस होता आणि त्याच्या हातात टाइप करून आणलेला तिचा जबाब. नवऱ्याला दारूचं व्यसन होतं, जाळी त्यानंच काढली, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, असा सगळा मजकूर. बाईनं फक्त सही करायची बाकी होती. मी त्या माणसाला म्हणालो, "तुम्ही बाहेर बसा. चहा सांगितलाय, तो घ्या." तो जागचा हलेना, तेव्हा हवालदारानं त्याला जरा मोठ्या आवाजात चहाची आठवण करून दिली.

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. डोळे कोरडे होते. मी विचारलं, "हे तुम्ही सांगितलंय?"

"न्हाय सायेब. त्येंनीच लिवून आणलं."

"मग सही करायला का आलात?"

"मॅनेजर म्हनले, सही केलीस तर नवऱ्याच्या जाग्यावर तुला कामावर घेतो. घरात दोन लेकरं हायती. सासू हाय. आता मला सांगा, म्या काय करू?" तिनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग एकदम माझ्याकडं बघत म्हणाली, "माणूस गेला, त्यो काय परत येत न्हाय. पर उद्या माझी लेकरं साळंत जात्याल, तवा लोक म्हनत्याल, ह्येंचा बाप दारू पिऊन मशीनीत गेला. त्यो दारूला शिवत न्हवता सायेब. देवाच्या पाया पडून सांगते."

मी तो टाइप केलेला कागद घडी करून टेबलाच्या खणात टाकला. तिला म्हणालो, "घरी जा. मी सांगेपर्यंत कुठंही सही करायची नाही. आणि त्या कामाचा विचारही करू नका."

जो पट्टा तिच्या नवऱ्याला घेऊन गेला, त्याच पट्ट्यापाशी ते तिला उभी करणार होते. हे ऐकून माझं डोकं फिरलं होतं, खोटं कशाला सांगू.

त्याच संध्याकाळी ठाण्याच्या फोनवर एक निनावी फोन आला. मागं ट्रकचे हॉर्न वाजत होते, नळदुर्गच्या बाजूच्या एखाद्या ढाब्यावरून बोलत असावा. माणूस एवढंच म्हणाला, "साहेब, मी त्या मिलमधून माल भरतो. ती जाळी मशीनीवर नव्हतीच. लई दिवसांपासनं नव्हती. नीट बघा." नाव विचारलं तर फोन बंद.

अशा फोनांना काही ठाण्यांत हसण्यावारी नेतात. माझा अनुभव उलटा आहे. फायदा नसताना जो माणूस फोन करतो, त्याला काहीतरी टोचत असतं. मी मुद्देमाल खोली उघडायला लावली आणि जाळी बाहेर व्हरांड्यात उजेडात आणली.

चार कोपऱ्यांना बोल्टसाठी चार कान होते. त्यातला एक तुटलेला होता, आणि तुटलेल्या जागी गंज चढलेला होता. काल तुटलेलं लोखंड असं गंजत नाही. मग मी जाळी उलटी केली. खालच्या बाजूच्या भोकांमधून काड्यांसारखं काहीतरी अडकलेलं होतं. पंचनामा करताना मला तो तुरीचा काडीकचरा वाटला होता. आता बोटानं ओढून पाहिलं तर निघेना. ती काडी एका भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, अशी पीळ घालत वर गेलेली होती. एका ठिकाणी सुकलेलं पानही होतं.

मी भूमकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. आमच्या आईनं आयुष्यभर कुंपणावर वाल चढवला. वालाचा वेल मला दुरूनही ओळखू येतो. हवालदाराला म्हणालो, "जाळी जर मशीनवर होती, तर हिच्यावर वाल कधी चढला?"

हवालदार डोक्यावरची टोपी काढून जाळीकडं बघतच राहिला. "आयला," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी मिलमध्ये गेलो. आधी मशीनपाशी जाऊन जाळीचे बोल्ट बसतात ती भोकं पाहिली. डाळीची भुकटी दाबून भरून घट्ट झाली होती, खिळ्यानं टोकरावी लागली. मग कामगारांना मी वजनकाट्याच्या शेडमध्ये एकेक करून बोलावलं. ठाण्यात बोलावलं की माणूस पाठ केलेलं बोलतो. कामाच्या जागी त्याची नजर जिथं जायची तिथं जातेच. प्रत्येकाला मी दोनच गोष्टी विचारल्या. तुमचं काम काय? आणि जाळी जागेवर आहे का नाही, हे बघणं कुणाचं काम?

पहिल्या प्रश्नाला सगळे पटापट बोलले. दुसऱ्या प्रश्नाला हमाल म्हणाला, "आमी पोती उचलनारे. मशीन ऑपरेटर बघतो." ऑपरेटर म्हणाला, "मी मशीन चालवतो साहेब, बसवाबसवी मिस्त्रीची." झाडूवाली म्हणाली, "मला काय त्यातलं कळतंय?" मिस्त्री मान खाली घालून म्हणाला, "मॅनेजरसाहेब सांगत्याल तसं." मॅनेजर म्हणाला, "सुरक्षिततेचं सगळं मालकांच्या हुकमानं होतं." मालक सोलापूरला राहायचे, त्यांना फोन लावला तर ते म्हणाले, "अहो, मी माणसं कशाला ठेवलीत? आणि शेवटी ज्यानं त्यानं आपला जीव सांभाळायला नको?"

म्हणजे बोट फिरत फिरत परत त्या मेलेल्या माणसावरच येऊन थांबलं. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बोलताना सगळ्यांची नजर शेडच्या बाहेर, फाटकाजवळच्या वॉचमनच्या खोलीकडं जात होती आणि लगेच परत येत होती.

मी उठलो आणि तिकडं चालू लागलो. मॅनेजर मागून आला. "साहेब, तिकडं काही नाही, वॉचमन बायकोला घेऊन राहतो तिथं."

"पाणी प्यायचंय," मी म्हणालो.

खोलीच्या भिंतीला लागून वालाचा वेल होता. बुडखा जाडजूड, खालची पानं हिरवीगार. गुडघाभर उंचीवर मात्र तो सपासप कापलेला, आणि वरचा सगळा भाग भिंतीआड ढिगात पडून वाळत होता. ढिगात अजून शेंगा होत्या, सुकून काळ्या पडायला लागलेल्या. बुडख्याशेजारी कुणीतरी घाईघाईनं दोन तुराट्या रोवल्या होत्या, वेलाला आधार म्हणून. भिंतीवर जाळीच्या आकाराचा धुळीचा चौकोन स्पष्ट दिसत होता.

वॉचमनच्या बायकोनं तांब्या आणून दिला. मी पाणी पीत पीत विचारलं, "मावशी, वेल चांगला आला होता की. काय झालं?"

"जनावरानं मोडला जी."

"कुठलं जनावर विळ्यानं वेल कापतं?"

तिनं मॅनेजरकडं बघितलं. मी हवालदाराला खूण केली. त्यानं मॅनेजरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला काट्याच्या शेडकडं नेलं. तो दिसेनासा झाल्यावर ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

"म्या पेरला व्हता सायेब. जाळी हितं भिंतीला टेकून ठिवलेली. मला वाटलं, भंगारात निघाली आसंल. वेल आपसूक तिच्यावर चढला. लई शेंगा आल्या. भोगीला समद्यांनी नेल्या, मॅनेजरसायबाच्या घरी बी म्याच पोच केल्या. आन् त्या दिवशी ते सकाळी पळत आले, म्हनले, विळा आन. म्या म्हनलं, काय झालं? तर म्हनले, गप ऱ्हा. त्येंनीच वेल कापला, जाळी वडून काढली आन् आत नेली."

"पोलिसांना फोन कधी केला?"

"त्येच्या मागनं."

मी तांब्या खाली ठेवला. आत माणूस पट्ट्यात अडकलेला, अजून त्याला कुणी बाहेर काढलेलं नाही, आणि हा गृहस्थ विळा घेऊन वेल कापत बसला होता. मला राग फार आला, पण रागानं केस उभी राहत नाही. मी तिचा जबाब तिथंच घेतला. वेलाचा तुकडा पंचांसमक्ष कापून घेतला. हवालदारानं मुद्देमालातून बरोबर आणलेली जाळी भिंतीला टेकवली. ती त्या धुळीच्या चौकोनात अगदी नेमकी बसली, आणि खालच्या बुडख्याची कापलेली टोकं जाळीतल्या पिळांच्या टोकांसमोर आली. पंचांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

राहिला मिस्त्री. साठीकडं झुकलेला, कपाळाला भस्म, हातात चाळीस वर्षांचं तेल मुरलेलं. त्याला सगळे अप्पा म्हणायचे. मी त्याला मशीनपाशीच घेऊन गेलो आणि चाकाकडं बोट दाखवलं. चाकाच्या मधोमध हळदीकुंकवाचा वाळलेला डाग होता, पट्ट्याच्या तेलात मिसळलेला.

"अप्पा, हे कधीचं?"

"खंडेनवमीचं."

आमच्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला मशीनची पूजा होते, हे सांगायला नको. मिल बंद असते, सगळी सफाई होते, नारळ फुटतो.

"जाळी असताना चाकाला कुंकू कसं लागलं?"

अप्पानं त्या डागावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "जाळी म्याच काढली सायेब. दरसाल काढतो. जाळीला कुक्कू लावून काय उपेग? चाक फिरतंय म्हून आपलं पोट चालतंय, त्येलाच लागलं पायजे. पूजा झाली की दरसाल म्याच बसवतो. औंदा बसवताना एक कान मोडला. वेल्डिंगशिवाय बसंना. मॅनेजरसायबाला सांगितलं, मशीन एक दिवस बंद ठिवा, वेल्डर आनतो. ते म्हनले, उडदाची आवक चालू हाय, मागनं बघू. म्या जाळी न्हेऊन वॉचमनच्या खोलीपाशी ठिवली, वेल्डरला दिसायला. मग उडीद झाला, मूग झाला, तूर आली."

"परत विचारलं नाही?"

"त्ये एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा न्हाय विचारलं." त्यानं चाकाकडं बघून हात जोडले. "देवाचं म्हून काढली आन् मानसाच्या मुळावर आली."

त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. जबाब घ्यायचा होता.

मॅनेजरला ठाण्यात आणून टेबलावर जाळी ठेवली, शेजारी वेलाचा तुकडा ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसलो. त्यानं आधी जाळी खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशीच बसवली होती असं सांगितलं. मग मयतानं मध्येच कधीतरी काढली असेल म्हणाला. मी जाळीतला पीळ बोटानं दाखवत गेलो, एका भोकातून दुसऱ्या भोकात. कपाळाचा घाम त्यानं शर्टाच्या बाहीनं पुसला आणि शेवटी चिडून म्हणाला, "बरं, चुकलं माझं. पण साहेब, एवढी माणसं रोज त्या फाटकातून येत-जात होती. सगळ्यांना जाळी दिसत होती. शेंगा तोडायला सगळे जात होते. एकानं तरी म्हणायचं होतं की नाही, की अरे, ही मशीनची आहे?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. "ते मी त्यांना विचारीन. पण थांबवायचा अधिकार तुमच्या हातात होता, आणि विळाही तुमच्याच हातात होता."

वरून फोन आले. मालक बडी असामी होती, मिलवर कितीतरी घरं चालतात हे मला ऐकवलं गेलं. मी म्हणालो, घरं चालली पाहिजेत, म्हणूनच जाळी बसली पाहिजे. वैद्यकीय अहवालात दारूचा अंश निघाला नाही. अकस्मात मृत्यूच्या नोंदीवरून निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा मालक आणि मॅनेजर दोघांवर दाखल केला, आणि पुरावा नष्ट केल्याचा मॅनेजरवर. कारखाना निरीक्षकांना अहवाल गेला. नवी जाळी बसल्याशिवाय मिल परत सुरू झाली नाही. पुढं दोघांनाही शिक्षा झाली, तेव्हा मी निवृत्त होऊन घरी बसलो होतो.

निवृत्तीनंतर मला अधूनमधून कारखान्यांत बोलवतात, सुरक्षिततेवर चार शब्द बोला म्हणून. तिथं भिंतीवर पाट्या असतात, लोक शपथ घेतात, टाळ्या वाजतात. कामगारांना आपल्या जबाबदारीची जाणीव किती आहे, हे कसं ओळखायचं, असं साहेब लोक मला विचारतात. मी त्यांना सांगतो, शपथेवरून ओळखू नका. माणसाला विचारा, आज कामावर येताना जागेवर नसलेली कुठली वस्तू दिसली, आणि ती तुम्ही कुणाला सांगितली? आणि सांगणाऱ्याला तुम्ही काय उत्तर दिलंत, तेही स्वतःला विचारा. मॅनेजरनं विळा उचलेपर्यंत त्या मिलमधला एकही माणूस वाईट नव्हता. अप्पानं एकदा सांगितलं, त्याला उत्तर मिळालं 'मागनं बघू'. दुसऱ्यांदा सांगायची माणसाची हिंमत तिथंच संपते. बाकीच्यांनी अप्पा सांगेल म्हणून सोडून दिलं. आणि मग रोज बघून बघून ती जाळी त्यांना जाळी दिसेनाशी झाली, वेलाचा मांडव दिसायला लागली.

हे मी आज बोलतो. पण हे मला आधी एका बाईनं सांगितलं होतं.

दोषारोपपत्र पाठवायच्या आधी मयताच्या बायकोचा पुरवणी जबाब घ्यायचा होता. ती सासूला घेऊन आली. मी तिला सगळं वाचून दाखवलं. नवरा दारू पीत नव्हता, जाळी त्यानं काढली नव्हती, खंडेनवमीपासून ती फाटकाजवळ पडून होती. सासूनं हात जोडले. बाई मात्र टेबलावरच्या कागदाकडं बघत राहिली. मला वाटलं, आता तिला रडू येईल.

"अजून काही लिहायचंय का?" मी विचारलं.

"भोगीला त्येंनी पिशवीभर शेंगा आणल्या व्हत्या सायेब. मिलमधनं. म्या भाजी केली, बाजरीची भाकर केली. समद्यांनी खाल्ल्या. त्या ह्याच वेलाच्या ना?"

मी मान हलवली.

"मंजी जाळी त्येंना बी दिसली आसंल. त्येंनी हातानं शेंगा तोडल्या तिच्यावरनं."

सासू म्हणाली, "आगं, ते कशाला काढती आता? गेलेल्या मानसाचं."

"न्हाय आत्या," ती म्हणाली. तिचे डोळे आता भरले होते, पण आवाज हलला नाही. "दारू प्याला न्हवता, ते खरं हाय म्हून लिवायला लावलं. मग ह्ये बी खरं हाय. सायेब, लिवा. त्येंना दिसत व्हती आन् त्येंनी कुनाला सांगितलं न्हाय. माझी लेकरं मोठी झाली की ह्यो कागद वाचत्याल. त्येंना कळू दे."

मी पेन उचललं आणि ती जशी बोलली तसं, तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. तिनं ते पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितलं, नीट ऐकलं आणि खाली सही केली.